टेसनचं पाणी

ये गं ज्योती, अशी जवळ बस. लांबून ऐकायची तुझी जुनी खोड आहे, ती आज नको. मी हे कागदावर लिहिते आहे हे खरं, पण समोर कुणी बसलेलं नसेल तर माझं वाक्य पुढे सरकत नाही. तर बस. आणि आधी बोलणी खा.

मागच्या महिन्यात तुझा फोन आला. "आत्या, मी गाडीत आहे, अहमदाबादला निघालेय. उधन्याला गाडी थांबते म्हणे. येतेस का स्टेशनवर? उभ्या उभ्या भेटू." मी गॅस बंद केला, साडी बदलली, पाण्याचा डबा भरून घेतला आणि निघाले. अगं, माझं घर तिथून इतकं जवळ की मालगाडी गेली तर माझ्या मांडणीवरची ताटं वाजतात. सख्ख्या भावाची लेक तू, आणि मला टेसनवर बोलावतेस? उतरायचं होतंस. एक गाडी सोडली असतीस तर अहमदाबाद काय उठून पळालं असतं?

पण तुझी गाडी गेल्यावर मी लगेच घरी गेले नाही, तिथंच बसून राहिले. झाडू मारणारा पोरगेला माणूस दोनदा माझ्या पायाशी येऊन गेला. शेवटी म्हणाला, "माजी, आपको कौन सी गाड़ी पकड़नी है?"

"वो तो गई," मी म्हटलं.

"तो फिर घर जाओ ना."

आता त्याला काय सांगायचं, की बाबा, मला इथून घरी जाता येत नाही लवकर. कधीच येत नव्हतं.

तू पाहिलंस ते टेसन निराळं. चकचकीत फरशी, आपोआप वर जाणारे जिने, बोर्डावर पळणारी लाल अक्षरं. मी लग्न होऊन आले ते नव्वदच्या आसपास. तेव्हा इथं एवढंसं फलाट होतं, अर्ध्यावर पत्रा, अर्ध्यावर ऊन. खानदेशातून येणारी लाइन इथं, सुरतेच्या तोंडाशी येऊन मुंबईच्या मोठ्या लाइनीला मिळते, म्हणून आपल्याकडची सगळी माणसं इथंच उतरायची. कपड्याच्या कामाला आलेली. कुणाचा मुलगा पलसाण्याला रंगाईत, कुणाचा भाऊ गोडादऱ्याला लूमवर. भुसावळकडची पॅसेंजर लागली की फलाटभर आपली बोली सांडायची. डोक्यावर गोधड्यांची वळकटी, काखेत भरताच्या वांग्यांची पिशवी, हातात ज्वारीच्या बिबड्यांचा डबा, आणि त्या गर्दीत एखादी म्हातारी मोठ्यानं ओरडून विचारायची, "सुरत हाईच शे का?" तिला चार जण एकदम सांगायचे, हाईच शे माय, उतर, उतर.

आणि वास. डिझेलचा, तळलेल्या भज्यांचा, आणि त्यावर रंगाच्या मिलचा आंबट वास, जो अंगाला चिकटून घरापर्यंत यायचा. रुळाच्या कडेनं नाला वाहायचा. मिलमध्ये आज कुठला रंग लागलाय ते आम्हाला नाल्यावरून कळायचं. आज राणी, उद्या पोपटी. बायका नाल्यात बघून म्हणायच्या, यंदा हिरवा चालणार बघ बाजारात.

मी शाळेत फार गेले नाही, तुला माहीत आहे. गुजराती मी त्या फलाटावरच्या नावाच्या पाटीवरून शिकले. एकच नाव तीन लिप्यांत लिहिलेलं. आपल्या अक्षरांवर रेघ असते ना, पदर घेतल्यासारखी. गुजराती अक्षरं बिनपदराची. मला आधी ती उघडी उघडी वाटायची. नंतर वाटलं, बरंच आहे, मोकळी तरी आहेत.

आता तू विचारशील, आत्या, तुला फलाटावर बसून पाटी वाचायला एवढा वेळ कुठून मिळायचा? तेच तर सांगायला बसले आहे.

तुझी आजी, म्हणजे माझी माय, माझ्या घरी कधी आली नाही. आपल्या घरात जुन्या बायका एक पाळायच्या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाणी नाही म्हणजे जेवण नाहीच, आणि पाणीसुद्धा घ्यायचं नाही तर उंबरा तरी कशाला ओलांडायचा? ओलांडला आणि लेकीनं तांब्या पुढे केला, तर नाही म्हणताना दोघींचाही जीव जातो. म्हणून माय यायची ती टेसनपर्यंत. दोंडाईच्याला पहाटे गाडीत बसायची, दुपार होता होता उधन्याला उतरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मधला सगळा वेळ आम्ही दोघी फलाटाच्या टोकाला, बदामाच्या झाडाखालच्या बाकावर.

पहिल्यांदा ती तशी बसली तेव्हा मी रडले होते. म्हटलं, "माय, टेसनच्या नळाचं पाणी पितेस आणि माझ्या घरचं नाही?"

तर मला म्हणते कशी, "टेसनचं पाणी सरकारचं. सरकार काही माझा जावई नाही."

मी रडता रडता हसले. अशीच होती ती. ती सगळं अहिराणीत बोलायची, मी तुझ्यासाठी सरळ करून लिहिते आहे. पुण्याला राहून तुझी जीभ इस्त्रीची झाली आहे.

तर त्या बाकावर माझं माहेर होतं, ज्योती. लोकांचं माहेर गावाच्या वेशीपासून सुरू होतं, माझं बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माय उतरली की आधी माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडायची. "कशी शे व माय?" एवढंच विचारायची. मग पदराखालून तेलाची बाटली निघायची. भर फलाटावर ती माझी वेणी सोडायची. मी जमिनीवर, ती बाकावर, तिच्या गुडघ्यांच्या मध्ये माझं डोकं. गाड्या जायच्या, लोक खिडकीतून बघायचे, आणि ती आपली चापून तेल घालते आहे. मला लाज वाटायची, पण उठावंसं वाटायचं नाही. संक्रांतीला तिनं माझी ओटी तिथंच भरली. नारळ, तांदूळ, खण. एका हमालानं लांबून हात जोडले, त्याला वाटलं काही देवाचं चाललं आहे.

भाकरी ती आणायची, कळण्याची, वर लाल ठेचा. मी सुरुवातीला हौसेनं कायकाय करून न्यायचे. ती डबा उघडून वास घ्यायची, म्हणायची, "फोडणी छान बसली." आणि झाकण लावून मला परत द्यायची. मी तो डबा तसाच घरी आणायचे. तुझे फुवा, म्हणजे माझे हे, रात्री जेवताना गप्प खायचे, कारण त्यांना माहीत असायचं हे कुणासाठी केलं होतं.

फुवा लूमच्या खात्यातून, म्हणजे कारखान्यातून, मधल्या सुट्टीत यायचे, केसांत धाग्यांचा पांढरा भुगा घेऊन. माय पदर पुढे ओढून उठून उभी राहायची. ते पाया पडायचे आणि दर वेळी म्हणायचे, "घर जवळ आहे, चला ना." ती दर वेळी म्हणायची, "येईन, जावई. पाळणा हलला की बोलवायच्या आधी येईन."

पाळणा काही हलला नाही. त्याचं मी इथं लिहीत बसणार नाही. डॉक्टर झाले, नवस झाले. पुढे पुढे माय पाळण्याचं नाव काढेनाशी झाली. फुवांनी "चला ना" म्हटलं की नुसती मान हलवायची.

उन्हाळ्यात फलाटावर परब लागायची, म्हणजे आपली पाणपोई. मातीचे माठ, त्यांना ओलं कापड, आणि पाणी द्यायला एक गुजराती बाई. सगळे तिला बा म्हणायचे. बानं एका उन्हाळ्यात हे आमचं सगळं पाहिलं, माझ्याकडून वदवून घेतलं आणि मायला डोळा मारून मला म्हणाली, "बेन, तमारी बा तो बहु पाकी!" मायला गुजराती कळत नव्हतं, पण पाकी म्हणजे पक्की, बेरकी, हे कळलं. तिनं बाच्या हातून पाणी घेतलं, गटागटा प्यायली आणि म्हणाली, "हिला सांग, मी पाकी नाही. मी भिते. मी नेम मोडला आणि तुझं काही वाकडं झालं तर?" मी ते बाला गुजरातीत करून सांगितलं. बा हसायची थांबली. तिनं मायचा पेला पुन्हा भरला.

मग ते प्लेगच्या साथीचं वर्ष आलं. तेव्हा तू पाळण्यात होतीस. सुरतेत काय झालं, कसं झालं ते लोकांनी लिहून ठेवलं आहे, मला फक्त टेसन आठवतं. सगळी सुरत तोंडाला रुमाल बांधून फलाटावर आली होती. गाडी लागायच्या आधी लोक रुळात उतरून पलीकडच्या बाजूनं चढत होते. आमची चाळ दोन रात्रींत रिकामी झाली. दारांना कुलपं, दोरीवर कुणाची तरी विसरलेली चड्डी, आणि खात्यांचा खडखडाट बंद पडलेला. तो आवाज बंद झाला तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं त्याच्याच तालावर झोपत होते. फुवांना शेठनं मशिनं राखायला थांबवलं होतं. ते म्हणाले, तू जा. मी म्हटलं, दोघं जाऊ, नाहीतर दोघं राहू.

आणि माय आली. सगळं जग सुरतेहून पळत असताना भुसावळकडून रिकामी गाडी येत होती, आणि तिच्यातून ही एकटी उतरली. मी रोज गाडीच्या वेळेला टेसनवर जायचेच, का ते माहीत नाही. तशी त्या दिवशीही गेले होते. गर्दीत तिचा पदर दिसला. ती मला घ्यायला आली होती. "चल. जशी आहेस तशी चल."

नळाला पाणी नव्हतं. इतक्या माणसांनी तो कोरडा केला होता. परब तर उन्हाळ्याची, ती कधीच उठली होती. मायचे ओठ वाळले होते. माझ्या हातात घरून उकळून आणलेल्या पाण्याचा डबा होता. मी तो तिच्यापुढे धरला. तिनं तो पाहिला आणि पुन्हा म्हणाली, "चल."

मी म्हटलं, "माय, ज्या घराचं पाणी तू पीत नाहीस, ते घर तरी माझं आहे. त्याला टाकून मी कशी येऊ?"

लोक आम्हाला धक्के मारत होते. मग तिनं माझं मनगट धरलं आणि पुलाच्या जिन्याकडे निघाली. मला वाटलं, येते आहे. ज्योती, मला खरंच वाटलं की येते आहे! एकेक पायरी चढताना माझ्या मनात घर झाडून होत होतं, चादर बदलून होत होती. पुलाच्या मधोमध ती थांबली. तिथून आमची चाळ दिसायची, निळ्या ताडपत्र्यांची.

"तुनं घर कोनतं व?"

मी बोट दाखवलं. सगळ्या चाळीत एकाच दोरीवर कपडे होते. माझी लाल साडी वाळत होती. "ते. लाल साडीचं."

ती किती वेळ बघत होती. दार, खिडकी, साडी. जणू हातानं चाचपत होती. मग तिनं माझ्या हातातला डबा घेतला, ओंजळीत पाणी ओतलं आणि डोळ्यांना लावलं. पुन्हा ओतलं, पुन्हा लावलं. तोंडाला नाही, नुसतं डोळ्यांना. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "थंड आहे गं तुझ्या घरचं पाणी."

उकळलेलं पाणी ते. थंड कुठलं असायला?

ती संध्याकाळच्या गाडीत चढली कशी, ते तिलाच माहीत. कुणीतरी आतून हात दिला. दारात उभी राहून ओरडली, "येस व माय." आपल्याकडे कुणी जाते म्हणत नाही ना, येतेच म्हणतात.

आम्ही दोघं त्या साथीतून वाचलो. चाळ परत भरली, लूम परत सुरू झाले, नाला परत रंगला. मायही येत राहिली. एका थंडीत तुला घेऊन आली होती. तू माझ्या मांडीवर झोपलीस आणि बदामाचं एक लाल पान तुझ्या पोटावर पडलं. माय म्हणाली, "उचलू नको, असू दे." तुला काही आठवत नसणार. मला त्या पानाच्या शिरा आठवतात.

मग ती यायची थांबली. गुडघे, मग छाती. दोंडाईच्याचं टेसन तिला लांब झालं. तुझ्या बापानं एका दुपारी गल्लीच्या तोंडाच्या फोनवाल्याकडे निरोप ठेवला, "अक्काला म्हणावं, लगेच निघ." मी निघाले. दाराला कुलूप लावलं, परत उघडलं, आत गेले आणि माठातलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. का, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. गाडीभर ती बाटली मांडीवर होती. व्यारा गेलं, नवापूर गेलं, नंदुरबारला लोक चढले उतरले. मी मनात घोकत होते. तिनं मागितलं तर देईन. पुलावर डोळ्यांना लावलं होतं, आता कोण जाणे, घोटभर मागेलही.

मी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं.

बायका एकेक करून तिच्या तोंडात तुळशीपानानं पाणी सोडत होत्या. माझी पाळी आली. कुणाला ठाऊकही नव्हतं माझ्या पिशवीत काय आहे. हात पिशवीत गेला, बाटलीला लागला. बाटली गाडीच्या उन्हानं कोमट झाली होती. आणि मी मायच्या तोंडाकडे पाहिलं. मिटलेलं, ओठांच्या कडेला ती नेहमीची हट्टी सुरकुती. वाटलं, ही बाई जन्मभर माझ्यासाठी तहानेली बसली. भीतीनं बसली, प्रेमानं बसली, काय म्हणायचं ते म्हण. आता हिला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी हिला पाजू?

मी हात बाहेर काढला. विहिरीच्या पाण्यात तुळशीचं पान बुडवलं आणि ते पाणी सोडलं.

मायचे दिवस झाल्यावर उधन्याला परत आले तेव्हा बाटली तशीच होती. टेसनवर उतरले आणि घरी न जाता फलाटाच्या टोकाला गेले. परब लागली होती. बानं माझा उतरलेला चेहरा पाहिला, मागं कुणी येतंय का ते पाहिलं. मी बदामाच्या बुडाशी बाटली उपडी केली. माती तापलेली होती, पाणी चर्र करून आत गेलं. मायच्या जागेवर थोडी बसले. निघताना बा म्हणाली, "आवजो, बेन." इथंही तसंच आहे बघ. निरोप देतानाही 'या' म्हणतात.

ते झाड आता नाही. मागच्या महिन्यात तू भेटायच्या आधी मी शोधलं. बाक नाही, नळ नाही, पत्रा नाही. झाड जिथं होतं तिथं बाटल्यांचं दुकान आहे, काचेच्या कपाटात थंड पाण्याच्या बाटल्या उभ्या. त्याच्यासमोर तुझा डबा थांबला, हाही योगच. तू दारात आलीस, माझ्या गळ्यात पडलीस. किती गं तिच्यासारखी दिसतेस, ओठांची कड अगदी तीच. घाम आला होता तुला. मी पाण्याच्या डब्याचं झाकण उघडून तो तुझ्यापुढे धरला.

तू म्हणालीस, "नको आत्या, मला बाहेरचं पाणी सोसत नाही. माझी बाटली आहे." आणि हसलीस, आणि गाडी हलली.

तुझा दोष नाही, बाळा. तुला कुठं ठाऊक होतं मी काय पुढे केलं होतं. मी तुझ्यावर रागावले नाही, फक्त त्या 'बाहेरचं' या शब्दापाशी थोडा वेळ बसून राहिले. म्हणून त्या झाडूवाल्यानं सांगूनही घरी जाता आलं नाही मला. नंतर उठले, पुलावर गेले, मधोमध थांबले. ताडपत्र्या गेल्या, आता वर मजले चढलेत, टाक्या आल्यात. पण माझी खिडकी अजून दिसते. त्या दिवशी दोरीवर तुझ्या फुवांचा सदरा होता. मी डब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि डोळ्यांना लावलं. थंड होतं गं. मायनं तेव्हा खोटं सांगितलं नव्हतं.

तर आता ऐक. तुझ्या आजीला कारण होतं, तुला कसलं कारण आहे? येताना या टेसनवर उतर, पण तिथं थांबू नकोस. मी घ्यायला येणार नाही, मुद्दाम येणार नाही, नाहीतर आपण परत तिथंच भेटून मोकळ्या होऊ. पूल चढ, मधोमध ये, आणि डाव्या हाताला बघ. मी लाल साडी दोरीवर घालून ठेवते. जुनी आहे, विटली आहे, पण लांबून कळते. माठ घासून ठेवला आहे. तुला सोसत नसेल तर उकळून, गाळून, निववून ठेवीन, तुझ्या बाटलीतही भरून देईन. पण पहिला पेला माझ्या हातचा, माझ्या घरात, बसून. फुवाही वाट बघतात, बोलत नाहीत एवढंच.

लवकर ये. उभ्या उभ्या नको, बसायला ये.